दामिन कोणी नासवलं

१

सोमवारी सकाळी बल्गेरियातल्या बेलोकामेनच्या सिमेंट कारखान्यात कँटीनच्या बाईंनी पातेलंभर सूप मोरीत ओतून दिलं. त्यांना वाटलं, सूप बिघडलंय. सूप चांगलं होतं. वास आवारातल्या नव्या मनोऱ्यातून येत होता. गोठ्यात बसून कुणी केस रंगवावेत, तसा.

दुपारी मी वार्नाहून पोचले. मी बिस्त्रा रिझोवा, विमा कंपनीची रसायनतज्ज्ञ. लोकांचं नुकसान झालं की मी जाते, ते त्यांनी स्वतःच करून घेतलंय असं सिद्ध करते आणि परत येते. बहुतेक वेळा ते खरंही निघतं.

मनोऱ्याचं काम सांगायला सोपं आहे. भट्टीचा धूर खालून वर जातो, वरून एक द्रावण झिरपत खाली येतं आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवतं. मग द्रावण तापवायचं. ते पकडलेलं सोडून देतं आणि पुन्हा कामाला लागतं. अशी द्रावणं जगात ढिगाने आहेत. अडचण एवढीच की ती नासतात. हे नासत नव्हतं. याचं नाव दामिन. प्रोफेसर ख्रिस्तोफोर दामयानोव्ह यांनी ते शोधलं, असं पेटंटमध्ये लिहिलं होतं, फाटकावरच्या फलकावर लिहिलं होतं आणि कँटीनच्या कपांवर छापलंही होतं. नाव ठरवायला समिती नेमली होती. अध्यक्ष प्रोफेसरच होते.

"रिझोवाबाई, हा घातपात आहे," प्रोफेसर म्हणाले. ते उभे होते, म्हणजे मलाही बसता येईना.

"किंवा द्रावण नासलंय."

"दामिन नासत नाही."

मी हातातली बाटली उजेडात धरली. आत कॉफीसारखं काळपट काहीतरी होतं. "मग हे काय आहे?"

"हे घातपात झालेलं दामिन आहे."

त्यांचा हट्ट मला कळत होता. पॉलिसी साधी होती. द्रावण आपोआप नासलं, तर दोष द्रावणाचा. आम्ही एक पैसा देणार नाही. कुणी मुद्दाम नासवलं असेल, तर पूर्ण भरपाई. त्यात गुरुवारी ब्रुसेल्सहून युरोपचा निधी देणारी मंडळी येणार होती. त्यांना दामिन पटलं, तर कारखान्याच्या संपूर्ण धुराड्याला ते बसणार होतं, आणि प्रोफेसरांचा फलक फाटकावरून बहुधा महामार्गावर जाणार होता. नासकं द्रावण दाखवून ते होणार नव्हतं. गुन्हेगार दाखवून कदाचित झालं असतं.

"गुरुवारच्या आत मला माणूस हवा," ते म्हणाले.

"कुठला?"

"कुठलाही." मग जरा थांबून, "म्हणजे, खरा."

मनोऱ्याच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: भट्टीचे इंजिनियर स्त्राहिल बोनेव्ह, प्रोफेसरांचा सहायक ओग्न्यान वेलेव्ह, आणि प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नेव्याना करादजोवा. "यांतल्या कुणीतरी काल रविवार साधला," प्रोफेसर म्हणाले. "तिघंही माझ्यावर जळतात."

संध्याकाळी वार्नाच्या प्रयोगशाळेतून फोन आला. नमुन्यात तांबं होतं. मी प्रोफेसरांना सांगितलं.

"असू दे ना," ते म्हणाले. "दामिनला कुठलाही धातू बाधत नाही. आत धातू धरून ठेवणारं औषध आहे. वाचा माझं पेटंट."

मी वाचलं होतं. आणि मनोरा पायापासून टोकापर्यंत पोलादाचा होता. त्यात तांब्याचा साधा खिळाही नव्हता.

२

इंजिनियर बोनेव्हच्या खोलीत मी शिरले आणि माझं काम संपलं असं क्षणभर वाटलं. दाराआड एक पोतं होतं, तोंड उघडं, आणि आत निळेशार खडे. मोरचूद. तांब्याचा याहून स्वस्त प्रकार बाजारात मिळत नाही.

"बघताय काय, घ्या की," बोनेव्ह म्हणाला. साठीचा, बैलासारख्या मानेचा, कपाळावर सिमेंट. "द्राक्षं आहेत ना घरी?"

"नाहीत."

"मग तुम्ही बल्गेरियन कशा?" त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "वेलींवर फवारायला लागतं. मी सहकारी संघातून घाऊक आणतो आणि सगळ्यांना देतो. वेलेव्हच्या बापाला दिलं, करादजोवाबाईंना दिलं. प्रोफेसरलाही दिलं. त्याच्या वेलींना कीड लागते, पण ती त्याच्या स्वभावामुळे."

"म्हणजे घातपाताचा माल तुम्हीच पुरवलात."

"असं म्हणा ना. बरं वाटेल मला." त्याने खुर्ची मागे रेलली. "बाई, तो मनोरा माझ्या भट्टीची वाफ पितो. माझं सिमेंट ओलं राहतं आणि मीटिंगमध्ये हा माणूस सगळ्यांसमोर म्हणतो, इंजिनियर जुन्या पिढीचे आहेत, त्यांना हवामान म्हणजे पाऊस पडतो का तेवढंच कळतं. त्याचा मनोरा बंद पडलेला बघायला मी मेणबत्त्या लावल्यात चर्चमध्ये. पण हात लावायचा असता तर मी असले खडेबिडे टाकत बसलो असतो का? वाफेचा एक नळ फिरवला की झालं. माझ्या हातात आहे तो."

हे खरं होतं, आणि माझ्या दृष्टीने गैरसोयीचं होतं.

"कंजूष माणूस," बोनेव्ह स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. "पेटंट मिळालं याला. आमच्याकडे कुणी वापरलेली गाडी घेतली तरी चॉकलेटचा डबा टेबलाटेबलावर फिरवतो. ज्याचं चांगलं झालं त्याने बाकीच्यांचं तोंड गोड करायचं, नाहीतर ते चांगलं टिकत नाही. या माणसाने एक गोळी दिली नाही कुणाला."

"मग शेवटचं तोंड गोड कधी झालं इथे?"

"द्राक्षांची काढणी चालली होती तेव्हा. करादजोवाबाईंनी डबा फिरवला. पोराचं लग्न ठरलं असणार."

"विचारलं नाहीत?"

"असं विचारतात का कधी? चॉकलेट घ्यायचं, चेस्तितो म्हणायचं, अभिनंदन झालं. कशाचं ते नंतर कळतंच."

मी निघाले. दारात त्याने मला पिशवीभर मोरचूद दिलं. वेली लावाल तेव्हा उपयोगी पडेल, म्हणाला.

३

ओग्न्यान वेलेव्ह मनोऱ्याखाली कानात काहीतरी घालून नॉर्वेजियन भाषा शिकत होता. मी दिसले तशी त्याने ती बंद केली.

"अजून शिकताय? नॉर्वेची नोकरी तर गेली म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

त्याने सुस्कारा टाकला. "मॅडम, प्रोफेसरांनी माझं शिफारसपत्र लिहिलं. अख्ख्या पत्रात माझ्याबद्दल एकच वाक्य. 'वेलेव्ह वेळेवर येतो.' बाकी सगळं स्वतःबद्दल. नॉर्वेवाल्यांनी त्यांनाच भाषणाला बोलावलं."

"राग आला असेल."

"मी त्यांच्या कपातून कॉफी पितो आणि तो न धुता ठेवतो," वेलेव्ह गंभीरपणे म्हणाला. "दोन वर्षं झाली."

सूड घेण्याच्या या पद्धतीत मला मनोरा नासवण्याची धमक दिसली नाही. पण दामिनमध्ये ते धातू धरणारं औषध रोज सकाळी तोच ओतत होता. मी पिंपाजवळ गेले. निळं प्लास्टिकचं पिंप, आपल्याकडे घरोघरी प्लम आंबवायला वापरतात तसलंच.

मी पिंपातलं थोडं बाटलीत घेतलं आणि सोबत आणलेल्या रसायनाचे थेंब टाकले. औषधाला स्वतःचा रंग नसतो. बाटली शाईसारखी निळी झाली.

वेलेव्ह बघतच राहिला. "म्हणजे तांबं यात आहे?"

"यात आहे."

"आणि हे मी रोज..."

"रोज सकाळी. वेळेवर."

तो जवळच्या पायरीवर बसला. मला त्याची दया आली, पण त्याहून जास्त प्रोफेसरांच्या रविवारची आली. तांबं औषधातून चिमूट चिमूट जात होतं. द्रावण हळूहळू आतून कुजत आलं होतं आणि सोमवारी त्याने फक्त वास सोडला. रविवारी कोण कुठे होतं याला आता काही अर्थ नव्हता. प्रश्न एवढाच होता की हे पिंप कधी लागलं.

"हे पिंप कधी उघडलंत?"

"काढणीच्या दिवसांत. नक्की आठवतं, कारण त्या दिवशी करादजोवाबाईंनी चॉकलेट वाटली. मी चॉकलेटचा कागद पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि प्रोफेसर माझ्यावर खेकसले. तोंडात त्यांच्याही चॉकलेट होतं."

"कशाबद्दल होती?"

"बाईंचा नावदिवस असेल." आपल्या नावाच्या संताचा सण; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा होतो.

मी वर जाऊन प्रोफेसरांना विचारलं. काढणीच्या वेळची चॉकलेट कशाबद्दल होती?

"माझ्या पेटंटबद्दल," ते म्हणाले. "नेव्यानाने माझ्या वतीने वाटली. मनाची मोठी आहे. मी चेस्तितोसुद्धा म्हणालो."

एकाच डब्यातली चॉकलेट. तिघांनी खाल्ली, तीन वेगवेगळ्या आनंदांची.

४

डॉक्टर करादजोवांनी मला लिंडनच्या फुलांचा चहा दिला. पन्नाशीच्या, बारीक, केस मागे बांधलेले. आवाज असा की चढायचं कारण त्याला आयुष्यात कधी मिळालं नसावं.

"प्रोफेसरांविषयी तुमची काय तक्रार आहे?" मी विचारलं.

"माझी काहीच तक्रार नाही."

त्या इमारतीत कँटीनच्या बाईंपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे प्रोफेसरांविरुद्ध काहीतरी होतं. बिनतक्रारीचं माणूस मला हे पहिलंच भेटलं. मी चहा खाली ठेवला.

"तुम्ही इथे किती वर्षं?"

"प्रोफेसरांच्या आधीपासून. मधे थोडे महिने नव्हते. आई आजारी होती, रोदोपेच्या डोंगरात, आमच्या गावी. तिचं सगळं करून परत आले, तोवर पेटंटचा अर्ज गेला होता."

"कशाच्या पेटंटचा?"

"कपांवर छापलंय ना."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले. आमच्या संशोधन संस्थेने चौकशी समिती नेमली." त्यांनी माझ्या कपात अजून चहा ओतला. "आमच्याकडे प्रयोगशाळेतलं सगळं काम विभागप्रमुखाच्या सहीने जातं. तशीच पद्धत आहे. माझं नाव कुठेच नव्हतं. समितीतले गृहस्थ चांगले होते. म्हणाले, बाई, कागद सोडा, हे द्रावण तुम्हालाच येतं हे तुम्ही दुसऱ्या कशाने सिद्ध करू शकाल का?"

"आणि?"

"मी म्हटलं, विचार करते."

खिडकीबाहेर बोनेव्ह कुणावर तरी ओरडत होता.

"काढणीच्या दिवसांत तुम्ही चॉकलेट वाटली," मी म्हटलं. "बोनेव्ह म्हणतात, मुलाचं लग्न."

"मला मूल नाही."

"वेलेव्ह म्हणतो, नावदिवस."

"नेव्याना म्हणजे फुलाचं नाव. सगळ्या फुलांचा नावदिवस एकच, तो वसंतात येतो. रिझोवाबाई, हे तुम्हालाही माहीत आहे."

"प्रोफेसर म्हणतात, पेटंटबद्दल."

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

माझे प्रश्न तिथेच संपले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. तिथे होती ती वाट बघण्याची खूण. आणि मला उशिराच कळलं की त्या माझीच वाट बघत होत्या.

५

बुधवारी दुपारी मी चौघांना प्रोफेसरांच्या खोलीत बसवलं. प्रोफेसर खुशीत होते. माणूस मिळाला, एवढं त्यांना फोनवर कळवलं होतं.

"तांबं औषधाच्या पिंपात होतं," मी सुरुवात केली. "मोरचूद सगळ्यांकडे आहे, किल्ल्या तिघांकडे आहेत, राग तर अख्ख्या गावाला आहे. त्यामुळे कुणाकडे काय होतं हे विचारून काही हाती लागत नाही. मी दुसरंच विचारलं. तांबंच का?"

"म्हणजे?" बोनेव्हने विचारलं.

"मनोरा बिघडवायचा, तर धुण्याचा साबण टाकायचा. अर्ध्या तासात फेसाने भरून थांबला असता. आम्ल ओतायचं. किंवा तुम्ही म्हणालात तसा वाफेचा नळ फिरवायचा. हे कुणालाही सुचेल. पण द्रावण आतून कुजवायला धातू घालायचा, हे फक्त त्याला सुचेल ज्याला माहीत आहे की ते औषध लोखंडाला धरतं. पोलादी मनोऱ्यात लोखंड थोडं विरघळणारच, म्हणून ते औषध. तांब्याला ते धरत नाही. तांबं त्याच्या हातातून निसटतं. पेटंटमध्ये हे कुठेही नाही. प्रोफेसर, तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थात," प्रोफेसर म्हणाले.

"सोमवारी तुम्ही मला सांगितलंत, कुठलाही धातू बाधत नाही."

वेलेव्हने हळूच बोनेव्हकडे बघितलं.

"ज्या दिवशी ते पिंप लागलं, त्या दिवशी इथे एका व्यक्तीने चॉकलेट वाटली," मी म्हटलं. "लग्न नव्हतं, नावदिवस नव्हता, काहीच नव्हतं. म्हणजे असं काहीतरी होतं, जे तिला सांगता येत नव्हतं, आणि तोंड गोड केल्याशिवाय राहवतही नव्हतं. आपल्याकडची सवय सुटत नाही. तुम्ही सगळ्यांनी ती खाल्लीत आणि तिचं अभिनंदन केलंत."

"बरोबर आहे," करादजोवा म्हणाल्या. "मीच केलं."

बोनेव्ह इतका जोरात हसला की त्याला खोकला आला. प्रोफेसरांनी फोनला हात घातला.

"पोलिसांना बोलावतो. बघितलंत? घातपात. रिझोवाबाई, तुमच्या कंपनीला भरपाई द्यावी लागणार."

"देऊ ना. फक्त तुम्हाला शपथेवर जबाब द्यावा लागेल, की हे त्यांनी केलं आणि त्यांनाच करता येणं शक्य होतं. का शक्य होतं, तेही सांगावं लागेल."

"देतो की. कारण..."

ते थांबले.

मला वाटतं, प्रोफेसरांच्या आयुष्यात एखादा विचार शेवटपर्यंत जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो त्यांच्या कपाळावरून खाली उतरत गेला. कारण द्रावण तिचं आहे. कारण त्यातली जी गोष्ट त्याच्या मालकाला ठाऊक नव्हती, ती तिला ठाऊक होती.

त्यांनी फोन खाली ठेवला.

"तिने केलेलं नाही," ते म्हणाले.

"मी केलंय," करादजोवा म्हणाल्या.

"तुला एवढं रसायन येत नाही, नेव्याना."

"येतं, प्रोफेसरसाहेब. समितीने विचारलं होतं, हे द्रावण तुम्हालाच येतं हे सिद्ध करा म्हणून. जे आपल्याला येतं तेच आपल्याला नेमकं मोडता येतं. केलं सिद्ध." त्यांनी मांडीवरचे हात हलवलेसुद्धा नाहीत. "उद्या ब्रुसेल्सची मंडळी यायच्या आत तांबं काढताही येईल. तांबं शोषून घेणाऱ्या एका रेझिनच्या दाण्यांमधून द्रावण फिरवायचं, रात्रीत निम्मं साफ होतं. कुठलं रेझिन, तेवढं मला विचारा. मी लगेच सांगते. फक्त या सगळ्यांच्या समोर विचारा."

बोनेव्ह पुढे वाकून बसला होता, गावच्या कुस्तीला बसावं तसा. वेलेव्हचं तोंड उघडं होतं.

एक वाक्य. एवढंच विचारायचं होतं. नेव्याना, हे कसं दुरुस्त करायचं?

प्रोफेसर खिडकीकडे वळले. "बोनेव्हने केलं असेल," ते म्हणाले.

६

गुरुवारी ब्रुसेल्सची मंडळी आली, नाकाला रुमाल लावून मनोऱ्याभोवती फिरली, जेवली आणि गेली. प्रोफेसरांनी त्यांना सांगितलं की दामिन प्रयोगाच्या एका नाजूक टप्प्यात आहे. आमच्याकडचा दावा त्यांनी मागे घेतला. माणूस नाही म्हणजे घातपात नाही. माझ्या साहेबांनी मला शाबासकी दिली. इतक्या स्वस्तात आम्ही कधी सुटलो नव्हतो.

करादजोवा मात्र स्वतःच्या पायांनी पोलीस चौकीत गेल्या. हवालदार म्हणाला, बाई, मालकाची तक्रार नाही, मी काय लिहू? त्या म्हणाल्या, पैसा सरकारमार्फत आलाय, सरकारला विचारा. सरकारने विचार केला. युरोपचे पैसे बुडाल्याचा जाब कुणाला तरी विचारावा लागणारच होता, आणि सरकारी वकिलाला आयती कबुली नको होईल असं थोडंच होतं?

खटला जिल्ह्याच्या कोर्टात चालला. असा खटला मी पाहिलेला नाही. आरोपी म्हणत होती, मी दोषी आहे. नुकसान झालेल्या पक्षाचा, म्हणजे प्रोफेसरांचा वकील सोफियाहून आला होता, महागडा. तो घसा फोडून सांगत होता की या बिचाऱ्या बाई निर्दोष आहेत, त्यांना सोडून द्या, त्यांच्यात ती कुवतच नाही. मी साक्ष दिली. जे बुधवारी बोलले तेच पुन्हा बोलले. बोनेव्ह रोज सुट्टी घेऊन यायचा आणि सोबत खायला आणायचा.

न्यायाधीशबाईंनी करादजोवांना विचारलं, "तुम्हाला कळतंय ना, गुन्हा कबूल केला की शिक्षा होणार?"

"कळतंय. आरोपपत्र मला मान्य आहे. त्यातला एकही शब्द गाळू नये एवढीच विनंती आहे."

प्रोफेसरांच्या वकिलाने लगेच हरकत घेतली. त्याला पहिलं वाक्य गाळून हवं होतं. सरकारी वकील म्हणाला, पहिलं वाक्य गाळलं तर गुन्हा कसा घडला तेच कळणार नाही. तासभर वाद झाला. वाक्य राहिलं.

शिक्षा झाली, पण स्थगित. तुरुंग नाही, गावाबाहेर जायचं तर चौकीत सांगायचं. आईच्या घरी जाताना त्या सांगतील.

आमच्याकडे निकाल वाचला जाताना कोर्टातल्या प्रत्येकाने उभं राहायचं असतं. सगळे उठले. पहिल्या रांगेतले प्रोफेसरही उठले, कोटाची बटणं लावत. न्यायाधीशबाईंनी चष्मा नीट केला आणि स्वच्छ आवाजात सुरुवात केली: "आरोपी नेव्याना करादजोवा, दामिन या द्रावणाची जनक आणि त्याच्या घटकांची एकमेव जाणकार..."

प्रोफेसर खाली बसायला लागले. बेलिफने पुढे येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. अजून बरंच वाचायचं होतं.